मोबदला की संबंध? हुंडाबंदी कायद्याची दुरुस्ती आणि प्रमिला दंडवते यांचे १९८० चे खासगी विधेयक

लग्न वैशाखात झाले आणि पहिल्या दिवाळसणाला जावयाच्या घरच्यांनी स्कूटर मागितली, असे समजू. साल १९८०. याद्यांच्या बैठकीत स्कूटरचा विषय निघालाही नव्हता. मुलीच्या वडिलांनी हात जोडले, 'एवढे जमणार नाही' म्हणाले. मुलगी सासरी परतली आणि तिचे माहेरी पत्र लिहिणे बंद झाले, शेजारणीशी बोलणे बंद झाले, जेवणाच्या ताटावरून टोमणे सुरू झाले. वडील हुंडाबंदी कायद्याखाली तक्रार करायला निघाले. त्यांच्या पदरात काय पडले असते?

जवळजवळ काहीच नाही, आणि तेही कायदा अमलात येऊन १९ वर्षे झालेली असताना. ते का, आणि १९८० ते १९८६ या सहा वर्षांत त्यात नेमके काय बदलले, हे समजून घ्यायला मुंबईच्या खासदार प्रमिला दंडवते यांच्या खासगी विधेयकाचे प्रकरण सगळ्यात उपयोगी आहे. 'हुंडा वाईट' हे सभागृहात कोणीही म्हणे आणि सगळे मान डोलावत. कलमातला कोणता शब्द हुंडा घेणाऱ्याला वाचवतो यावर वाद घालणे हे वेगळे काम होते. ही स्कूटर हाताशी ठेवून ते काम पाहू.

मूळ कायदा १९६१ चा. त्याच्या मागेही बायकांचाच रेटा होता. उमा नेहरू आणि रेणू चक्रवर्ती यांनी पन्नाशीच्या दशकात लोकसभेत हुंड्याविरुद्ध खासगी विधेयकांचा आग्रह धरला होता. शेवटी सरकारने १९५९ मध्ये स्वतःचे विधेयक आणले. लोकसभा आणि राज्यसभा यांचे त्यावर एकमत होईना, म्हणून मे १९६१ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलवावी लागली. स्वतंत्र भारतातली ही पहिलीच संयुक्त बैठक. आजवर अशा तीनच झाल्या आहेत, आणि त्यातली पहिली हुंड्यावर झाली. इतक्या खटाटोपानंतर १ जुलै १९६१ ला अमलात आलेल्या कायद्याला इतकी कुलुपे लावलेली होती की दार उघडणारच नाही.

आता स्कूटर घेऊन त्या कायद्याच्या दारात उभे राहू.

पहिले कुलूप व्याख्येत. हुंडा म्हणजे 'विवाहाचा मोबदला म्हणून' दिलेली किंवा देण्याचे कबूल केलेली मालमत्ता किंवा मौल्यवान रोखा. लग्न तर वैशाखातच लागून गेले. कार्तिकात मागितलेली वस्तू झालेल्या लग्नाचा मोबदला कशी, असे मुलाकडचा वकील विचारणार. व्याख्येत 'विवाहाच्या वेळी, आधी किंवा नंतर' असे शब्द होते खरे, पण 'मोबदला' हा शब्द त्यांच्या मानगुटीवर बसलेला होता. देण्याघेण्याचा करार सिद्ध झाल्याशिवाय मोबदला सिद्ध होत नाही, आणि असा करार साक्षीदार बसवून कोण करतो?

दुसरे कुलूप त्याच वाक्यात, 'दिलेली किंवा देण्याचे कबूल केलेली'. आपल्या उदाहरणातल्या वडिलांनी नकार दिला. म्हणजे स्कूटर दिली नाही आणि कबूलही केली नाही. मग ती मुळात 'हुंडा' ठरतच नाही, आणि जी वस्तू हुंडाच नाही तिची मागणी हा हुंड्याच्या मागणीचा गुन्हा कसा? हा युक्तिवाद कल्पनेतला नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात उच्च न्यायालयात तो टिकला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८३ मध्ये तो फेटाळला आणि मागणी करणे हाच गुन्हा आहे, समोरच्याने कबुली दिली पाहिजे अशी अट नाही, असे स्पष्ट केले. पण तोवर कायद्याला २२ वर्षे होऊन गेली होती.

तिसरे कुलूप स्पष्टीकरणात. लग्नाच्या वेळी दिलेली रोकड, दागिने, कपडे किंवा इतर वस्तू या भेटी आहेत, मोबदला म्हणून दिल्याचे सिद्ध झाले तरच तो हुंडा, असे पहिल्या स्पष्टीकरणात म्हटले होते. आपल्याकडच्या याद्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला याचा अर्थ लगेच कळेल. सुपारी फोडायच्या आधी दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसतात, कागदावर 'मुलाचा पोशाख', 'मानपान', 'लग्नखर्च', 'सोने इतके तोळे' असे लिहिले जाते, खाली सह्या होतात. त्या कागदात 'हुंडा' हा शब्द टाळला की झाले. ठरवून घेतलेला पैसा कायद्याच्या भाषेत आहेर होऊन बसतो.

चौथे कुलूप मुदतीचे. गुन्हा घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार केली तरच न्यायालय दखल घेणार. लग्नानंतरचे पहिले वर्ष म्हणजे मुलगी नांदावी म्हणून माहेरचे लोक सगळे गिळत असतात ते वर्ष. तक्रारीची भाषा सुचते ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, मारहाण उघड झाल्यावर. तोवर मुदत संपलेली.

पाचवे कुलूप मंजुरीचे. हुंडा मागितल्याच्या गुन्ह्यात, म्हणजे कलम ४ मध्ये, राज्य सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालयाला दखलच घेता येत नव्हती. स्कूटरच्या मागणीसाठी बापाने मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायच्या, तेही त्याच एका वर्षाच्या आत.

सहावे पोलीस ठाण्यात. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र. ठाणे अंमलदार रजिस्टरमध्ये दोन ओळींची नोंद करणार आणि 'कोर्टात जा' म्हणणार. तपास नाही, पंचनामा नाही, शेजाऱ्यांचे जबाब नाहीत. पुरावा गोळा करायचे काम वडिलांवर. आणि यातूनही गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. किमान शिक्षा कोणतीच नाही.

या सगळ्यांवर सातवे, आणि ते सगळ्यात जड आहे. कलम ३ प्रमाणे हुंडा घेणारा जसा गुन्हेगार, तसाच देणाराही. वडिलांनी कर्ज काढून स्कूटर दिली असती आणि नंतर मुलीचे हाल पाहून तक्रार केली असती, तर तक्रारीची पहिली ओळ हा त्यांचाच कबुलीजबाब ठरला असता.

सत्तरच्या दशकात ही कुलुपे अधिकृतपणे नोंदली गेली. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या केंद्रीय समितीने १९७४ च्या अहवालात हुंड्याचा गुन्हा दखलपात्र करा असे सांगितले. बिहार, पश्चिम बंगाल, ओरिसा अशा काही राज्यांनी १९७५-७६ च्या सुमारास आपापल्या दुरुस्त्याही केल्या. केंद्रीय कायदा मात्र होता तसाच राहिला.

प्रमिलाताई या विषयाकडे सभागृहातून आल्या नाहीत, रस्त्यावरून आल्या. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर लाटणी हातात घेऊन मोर्चे काढणाऱ्यांत त्या होत्या. आणीबाणीत तुरुंगात होत्या. १९७६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने महिला दक्षता समिती उभी राहिली, आणि दिल्लीत नवविवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंमागचा हुंडा शोधण्याचे काम सुरुवातीला ज्या संघटनांनी हाती घेतले त्यांत ही समिती होती. 'स्टोव्हचा भडका उडाला' म्हणून बंद होणाऱ्या फायली, घाईत उरकलेले अंत्यसंस्कार, मरणाऱ्या मुलीचा जबाब सासरची माणसे उशाशी उभी असताना घेतलेला. अशी प्रकरणे समोर येत असताना १९६१ चा कायदा कुठेही लागू पडत नाही, हे अशा कार्यकर्त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

जानेवारी १९८० च्या निवडणुकीत त्या मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून जनता पक्षाच्या तिकिटावर लोकसभेत गेल्या. बाके विरोधी पक्षाची. विरोधी खासदाराला कायदा बदलायचा असेल तर हातात एकच हत्यार असते, खासगी सदस्याचे विधेयक. ते कसे चालते हे थोडे तपशिलात सांगायला हवे, कारण या हत्याराची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्या पद्धतीतच आहेत.

मंत्री नसलेला कोणताही सदस्य असे विधेयक आणू शकतो. एक महिन्याची सूचना द्यावी लागते. मसुद्याबरोबर उद्देश व कारणे यांचे निवेदन जोडावे लागते. सरकारी तिजोरीतून खर्च होणार असेल तर आर्थिक टिपण आणि राष्ट्रपतींची शिफारसही लागते. लोकसभेत या कामासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास राखलेले असतात, आणि तेही एक शुक्रवार सोडून, कारण मधला शुक्रवार खासगी ठरावांचा. विधेयक मांडणे सोपे, पण चर्चेला कोणते यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. चर्चा झाली तर शेवटी मंत्री उठतात, सदस्याच्या भावनांची कदर करतात, सरकार विचार करत आहे असे सांगतात आणि विधेयक मागे घेण्याची विनंती करतात. स्वातंत्र्यापासून आजपर्यंत फक्त १४ खासगी विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये. म्हणजे १९८० मध्ये हुंडाबंदी दुरुस्ती विधेयक मांडणाऱ्या प्रमिलाताईंना ते त्याच रूपात मंजूर होण्याची आशा धरायला जागा नव्हती.

मग मांडायचे कशाला? खासगी विधेयक प्रश्नाला कलमांच्या रूपात पटलावर आणते. भाषणाला मंत्री भाषणाने उत्तर देऊ शकतो, पण छापील दुरुस्तीला उत्तर देताना त्याला दोनच गोष्टी म्हणता येतात, 'हा शब्द बदलणे चूक आहे' किंवा 'आम्ही बदलू'. शिवाय प्रमिलाताईंनी नवा कायदा मागितला नाही, आहे त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ही निवड फार महत्त्वाची होती. नवा कायदा म्हटला की चर्चा पुन्हा हुंड्याच्या वाईटपणावर गेली असती आणि आणखी दोन दशके त्यात निघून गेली असती. दुरुस्ती म्हटल्यावर प्रश्न असा झाला की १९ वर्षांत हा कायदा चालला का नाही.

सभागृहाबाहेर तेव्हा वातावरण तापलेले होते. १९७९ पासून दिल्लीत हुंडाबळींच्या सासरच्या दारासमोर निदर्शने होत होती. विधेयक आणि निदर्शने या दोन्हींचा दाब असा पडला की १९६१ च्या कायद्याचे कामकाज तपासायला दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली. अध्यक्षा होत्या काँग्रेसच्या कृष्णा साही. इथे पक्षाची भिंत आड आली नाही. विरोधी बाकावरून सुरू झालेला विषय सत्ताधारी पक्षाच्या बाईंच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पुढे नेला. समितीचा अहवाल ऑगस्ट १९८२ मध्ये संसदेत आला.

कायदा का चालला नाही याची दोन कारणे समितीने सांगितली. एक, हुंड्याची व्याख्याच सदोष आणि संदिग्ध आहे. दोन, अंमलबजावणीची यंत्रणाच नाही. व्याख्येबद्दल तिने मुळावरच घाव घातला. 'विवाहाचा मोबदला म्हणून' हे शब्द काढूनच टाका, कारण दिलेली वस्तू मोबदला होती हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य आहे. ते सिद्ध करू शकतील असे लोक म्हणजे मुलीचे आईवडील, आणि तेच तर बळी असल्यामुळे पुढे यायला तयार नसतात.

इथून या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग सुरू होतो, एका शब्दावरची ओढाताण.

सरकारने समितीचे निदान मान्य केले, औषध मान्य केले नाही. हे शब्द नुसते काढले तर लग्नाच्या आधी, वेळी किंवा नंतर कोणीही दिलेली कोणतीही वस्तू हुंडा ठरेल, व्याख्या इतकी पसरेल की राबवता येणार नाही, असे १९८४ च्या दुरुस्ती विधेयकाच्या उद्देशपत्रात सरकारने लिहिले. म्हणून मधली वाट काढली. 'विवाहाचा मोबदला म्हणून' याऐवजी 'विवाहाच्या संबंधात'.

दोन्हींत फरक काय? मोबदल्याला देणे आणि घेणे असे दोन पाय लागतात. तू हे दे, मी लग्न करतो. संबंधाला एवढे लागत नाही. हे लग्न झाले नसते तर ही मागणी झालीच नसती, एवढे दिसले की संबंध जुळतो. दिवाळसणाची स्कूटर मोबदल्यात बसत नव्हती, संबंधात बसते.

तरी सरकारची भीती अगदीच खोटी नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आजीने नातजावयाला हौसेने दिलेले घड्याळ आणि वरपक्षाने मोजून घेतलेली मोटारसायकल यांत कायद्याने कुठेतरी रेघ मारायलाच हवी. आमचा आक्षेप आहे तो ही रेघ पुन्हा सैल शब्दांनी मारली याला. १९८४ च्या दुरुस्तीने भेटींचे जुने स्पष्टीकरण काढून टाकले हे चांगले झाले, पण त्या जागी कलम ३ मध्ये नवे पोटकलम आले. न मागता दिलेल्या भेटी चालतील, त्यांची नियमांप्रमाणे यादी केलेली हवी, आणि वधूकडच्यांनी दिल्या असतील तर त्या रूढीनुसार असाव्यात व देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानाने अवाजवी नसाव्यात. ऐपत कशी मोजायची? किती म्हणजे अवाजवी? कायद्यात एक आकडा नाही. ज्या बापाने ऐपतीपलीकडे दिले तो स्वतःहून कधी सांगत नाही की ऐपत नव्हती.

बाकीची कुलुपे मात्र निघाली. एक वर्षाची मुदत गेली. राज्य सरकारच्या मंजुरीची अट गेली. तक्रार आता पीडित स्त्री, तिचे आईवडील, नातेवाईक किंवा मान्यताप्राप्त समाजकल्याण संस्था करू शकत होती, आणि न्यायालयाला स्वतःच्या माहितीवरून किंवा पोलिसांच्या अहवालावरूनही दखल घेता येऊ लागली. संस्थेला तक्रारीचा हक्क मिळाला याचे वजन दक्षता समितीसारखे काम केलेल्यांनाच कळेल. माहेरचे घाबरून गप्प बसले तरी दार बंद होत नव्हते. कलम ३ ला किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कैद, शिवाय दहा हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, यांतला जो जास्त असेल तिथपर्यंत दंड, अशी शिक्षा झाली. दुसऱ्याच्या हाती पडलेला हुंडा मुलीच्या नावे करायची मुदत एक वर्षावरून तीन महिन्यांवर आली.

पण हात आखडताच होता. गुन्हा दखलपात्र केला तो ठरावीक कामांपुरता, म्हणजे पोलीस तपास करू शकत होते, वॉरंटशिवाय अटक करू शकत नव्हते. आणि १९८४ मध्ये मंजूर झालेली दुरुस्ती अमलात यायला २ ऑक्टोबर १९८५ उजाडला.

मधल्या काळात दुसऱ्या बाजूने एक दार उघडले होते. हुंडा सिद्ध होवो न होवो, छळ तर सिद्ध करता येतो, या विचाराने १९८३ मध्ये फौजदारी कायद्यांत दुरुस्ती झाली आणि भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ आले. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्याच दुरुस्तीने लग्नापासून सात वर्षांच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी यांची तरतूद केली, आणि पुराव्याच्या कायद्यात आत्महत्येला प्रवृत्त केल्याचे गृहीतक आणले. 'स्टोव्हचा भडका' म्हणून ठाण्यातच फाईल बंद करण्याच्या सवयीला यानंतर कायद्याचा अडसर लागला.

१९८४ च्या अखेरच्या निवडणुकीनंतर प्रमिलाताई लोकसभेत नव्हत्या. पुढची आणि अधिक कडक दुरुस्ती त्यांच्या गैरहजेरीत झाली, आणि विरोधी सदस्याच्या कामाचे हेच रूप असते. बीज एका लोकसभेत पडते, कापणी दुसऱ्या लोकसभेत दुसऱ्याच्या हाताने होते. १९८६ ची दुरुस्ती १९ नोव्हेंबर १९८६ पासून लागू झाली. 'विवाहानंतर' याचे 'विवाहानंतर केव्हाही' झाले. कलम ३ ची किमान शिक्षा एकदम पाच वर्षे, आणि दंड किमान १५ हजार रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, जे जास्त असेल ते. गुन्हे बिनजामीन झाले, तडजोडीने मिटवता न येणारे तर ते आधीपासूनच होते. हुंडा घेतला किंवा मागितला नाही हे सिद्ध करण्याचा भार कलम ८अ ने आरोपीवर टाकला. हुंड्याच्या जाहिरातीवर बंदी आली. कलम ८ब खाली राज्यांनी हुंडा प्रतिबंध अधिकारी नेमायचे ठरले. त्याच कायद्याने दंड संहितेत ३०४ब, म्हणजे हुंडाबळीचे कलम आणले, किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप.

आता तीच स्कूटर १९८६ च्या अखेरीस मागितली असे धरा. मागणी लग्नानंतर सहा महिन्यांनी झाली, तरी 'केव्हाही' मध्ये बसते. मोबदला सिद्ध करायची गरज नाही, लग्नाशी संबंध पुरेसा. वडिलांनी नकार दिला, तरी मागणी हाच कलम ४ चा गुन्हा. दोन वर्षांनी तक्रार केली तरी मुदतीचे कारण देता येत नाही. मंत्रालयात जायचे नाही. ठाण्यात गुन्हा नोंदून तपास करावा लागतो. आणि वडिलांनी समजा स्कूटर दिली असती, तर? कलम ७ मध्ये १९८६ ला आलेले पोटकलम म्हणते की गुन्ह्याने पीडित झालेल्या व्यक्तीने केलेल्या निवेदनावरून तिच्यावर खटला भरता येणार नाही.

हे संरक्षण मोठे आहे, पण सातवे कुलूप त्याने पूर्ण निघत नाही. कलम ३ मध्ये 'देणारा' आजही गुन्हेगारच आहे. खटल्यात मुलाकडचे वकील मुलीच्या बापाला उलटतपासात विचारतात, 'म्हणजे तुम्ही हुंडा दिलात, हे तुम्हाला कबूल आहे?' बाप 'पीडित' आहे की 'देणारा' यावर मग वाद रंगतो. हुंडा उचलून देणारा आणि हुंडा उकळला गेलेला, या दोघांना एका शब्दात बांधणे ही मूळ कायद्याची चूक होती. १९८६ ने तिला ठिगळ लावले, ती उपटली नाही.

शब्दांचा वाद न्यायालयांतही पुढे चालूच राहिला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात घरखर्च आणि शेतीच्या खतासाठी मागितलेले पैसे हुंडा नव्हेत असे ठरवून आरोपींना सोडले. 'संबंधात' या शब्दाचा इतका आखूड अर्थ लावला की १९८४ चा बदल जणू झालाच नव्हता. २०१५ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा अर्थ बरोबर नाही असे सांगितले, आणि २०२२ मध्ये घर बांधायला मागितलेले पैसेही हुंड्यातच मोडतात असा निकाल आला. संयुक्त समितीने १९८२ मध्ये दाखवलेल्या जागेवर पाय ठरायला अशी कित्येक वर्षे लागली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, त्यामुळे हुंडाबळीचे कलम आता ८० आणि क्रूरतेची कलमे ८५ व ८६ झाली आहेत. हुंडाबंदी कायदा मात्र १९६१ चाच, या दुरुस्त्यांसह चालू आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत हुंडाबळीची ६,४५० प्रकरणे आहेत.

यंत्रणेबाबत समितीचे दुसरे निदान अजून तसेच लागू आहे. हुंडा प्रतिबंध अधिकारी हे पद बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पदाच्या अधिकाऱ्यावर जादा काम म्हणून बसते. अंगणवाड्या आणि योजना सांभाळणाऱ्या माणसाने लग्नघरी जाऊन चौकशी करायची, पुरावा जमवायचा, हे कागदावर राहते. आणि किमान पाच वर्षांच्या शिक्षेचा परिणाम उलटाही होतो. विशेष कारणे नोंदवून न्यायालय ती कमी करू शकते, पण एवढ्या जड शिक्षेपुढे पुराव्याची मोजपट्टीही तेवढीच कडक होते, आणि हुंड्याचा पुरावा तर मुळातच तोंडी.

याच ठिकाणी १९८५ च्या नियमांतली एक साधी गोष्ट कामाची आहे, आणि तीच सगळ्यात दुर्लक्षित आहे. लग्नात मिळालेल्या भेटींच्या दोन याद्या करायच्या असतात. वधूला मिळालेल्या भेटींची वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर, लेखी. प्रत्येक भेटीसमोर चार गोष्टी हव्यात: वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि तो नातेवाईक असेल तर नाते. प्रत्येक यादीवर वधू आणि वर दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा.

यादी केली नाही तर स्वतंत्र शिक्षा नाही, म्हणून कोणी करत नाही. पण ती नसली की न मागता दिलेल्या भेटींना कायद्याने दिलेली सूट सांगणे मुलाकडच्यांना अवघड जाते. आणि मुलीच्या बाजूने तर ती सोन्यासारखी आहे. स्त्रीधन परत मागायची वेळ आली की 'तुमच्या मुलीने आणलेच काय होते' हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याला उत्तर देणारा कागद घरात नसतो. लग्नाचा अल्बम असतो, त्यातल्या फोटोंत दागिने दिसतात, तोळे दिसत नाहीत.

याद्या करायची सवय आपल्याकडे मुळात आहेच. फक्त ती लग्नाआधी, मुलीला आत बसवून, मागण्यांची होते आणि मध्यस्थाच्या खिशात राहते. कायद्याला हवी असलेली यादी लग्नानंतर होते, भेटींची होते, आणि तिच्यावर मुलीची सही लागते. नमुना काही अवघड नाही. आहेराची वही लिहिणारा माणूस प्रत्येक लग्नात बसलेलाच असतो. त्याच्या वहीत किंमतीचा आणि नात्याचा असे दोन रकाने वाढवायचे, शेवटी तारीख घालून दोघांच्या सह्या घ्यायच्या, एक प्रत मुलीच्या हातात द्यायची आणि एक तिच्या माहेरी ठेवायची.